उरलेल्या दोन टक्क्यांत काय आहे?

तळोजा, रबाळे किंवा महापेच्या औद्योगिक वसाहतीतून रसायनाचा माल निघाला की त्याबरोबर एक कागद जातो. व्यवहारात सगळे त्याला सीओए म्हणतात. मराठीत विश्लेषण प्रमाणपत्र. त्यावर रंग, द्रवणांक, ओलावा, राख अशा दहा-बारा ओळी असतात, पण खरेदीदाराची नजर पहिल्यांदा एकाच ओळीवर जाते : शुद्धता, ९९.२ टक्के. भाव त्या ओळीवर ठरतो, माल उतरवून घ्यायचा की परत पाठवायचा हेही त्याच ओळीवर. हा आकडा निघतो कसा, तो कुठे भरवशाचा असतो आणि कुठे दगा देतो, याचा हा आढावा. त्यातून जे हाती लागते ते आधीच सांगून टाकतो. शुद्धतेच्या टक्केवारीचा हिशेब सातवीतल्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे. अवघड आहे ते हिशेबाआधी ठरवावे लागणारे : काय मोजले, कशाने मोजले, कशाच्या तुलनेत मोजले. आणि घात बहुतेक वेळा होतो तो मोजलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांमुळे नव्हे, न मोजलेल्या दोन टक्क्यांमुळे. त्यामुळे ज्या कागदावर फक्त शुद्धता लिहिली आहे, त्या कागदावर सर्वांत महत्त्वाची गोष्ट लिहायची राहून गेली आहे.

हा प्रश्न नवी मुंबईच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि ठाणे खाडीच्या पूर्व काठावर ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहू लागला. सिडकोची स्थापना १९७० ची, म्हणजे इथे कारखाने आधी आले आणि शहर मागून आले. नोसिलसारखे पेट्रोरसायनांचे अवाढव्य प्रकल्प या पट्ट्याने पाहिले. नाफ्थ्याची ती भंजनयंत्रणा केव्हाच थंडावली. आज इथे औषधांचे मूळ घटक, रंगांची मध्यवर्ती रसायने, विशेष रसायने बनवणारे मध्यम आणि लहान उद्योग आहेत. त्यांच्या मालाची तपासणी करून देणाऱ्या खासगी प्रयोगशाळा त्याच रस्त्यांवर आहेत. १९८९ पासून न्हावा-शेवा बंदर चालू आहे आणि तिथल्या सीमाशुल्क कार्यालयाची स्वतःची प्रयोगशाळा आहे, कारण आलेला माल नेमका काय आहे यावर कर ठरतो. सीमाशुल्क दरपत्रकाच्या २९व्या प्रकरणात स्वतंत्र, निश्चित रचनेची सेंद्रिय संयुगे येतात, ‘त्यांत अशुद्धी असो वा नसो’ या अर्थाच्या टीपेसह. मग किती आणि कोणत्या प्रकारच्या मिसळीला अशुद्धी म्हणायचे आणि कुठून पुढे त्याला मिश्रण म्हणायचे, हा वाद तिथे रोजचा आहे. बनवणारा, विकत घेणारा, आयात करणारा आणि तपासणारा असे चौघेही वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघात सापडतील अशी ठिकाणे देशात थोडी आहेत.

आधी हिशेब पाहू. नमुन्यातल्या शुद्ध पदार्थाचे वस्तुमान भागिले नमुन्याचे एकूण वस्तुमान, गुणिले शंभर, एवढेच सूत्र. समजा ०.५३०० ग्रॅम सोडा ॲश, म्हणजे सोडियम कार्बोनेट, वजन करून पाण्यात विरघळवले. मिथिल ऑरेंज घालून ब्युरेटमधून ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडले आणि रंग बदलला तेव्हा ४८.५ मिलिलिटर आम्ल संपले होते. म्हणजे आम्लाचे ०.००९७ मोल लागले. एका मोल कार्बोनेटला दोन मोल आम्ल लागते, तेव्हा कार्बोनेट ०.००४८५ मोल. रेणुभार १०६ धरला तर ०.५१४१ ग्रॅम. त्याला ०.५३०० ने भागून शंभराने गुणले की ९७.० टक्के. कॅल्क्युलेटर आणखी चार दशांश स्थळे दाखवेल, पण त्यांना अर्थ नाही : पन्नास मिलिलिटरच्या उत्तम दर्जाच्या ब्युरेटला ०.०५ मिलिलिटरची चूक मान्य असते, आणि तेवढ्याने उत्तर ०.१ टक्क्याने इकडे-तिकडे होते. त्यात तराजूची, प्रमाणित द्रावणाची आणि रंग ओळखणाऱ्या डोळ्याची अनिश्चितता मिळवायची. शिवाय सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे. ब्युरेटला सोडियम कार्बोनेट ओळखता येत नाही. नमुन्याने किती आम्ल पचवले एवढेच तिला कळते. ते सगळे आम्ल कार्बोनेटनेच पचवले, असे आपण मानले. नमुन्यात बायकार्बोनेट असेल तर त्याच्या एका ग्रॅमची नोंद सुमारे ०.६३ ग्रॅम कार्बोनेट म्हणून होते. कॉस्टिक सोडा असेल तर एका ग्रॅमची १.३ ग्रॅमहून अधिक.

दुसरा प्रश्न आधाराचा. वरच्या नमुन्यात दोन टक्के ओलावा आहे असे धरू. माल जसा आहे तसा धरला तर शुद्धता ९७.० टक्के, ओलावा वजा करून कोरड्या आधारावर काढली तर ९७ भागिले ०.९८, म्हणजे ९९.० टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही आकड्यांचा माल एकाच पोत्यात आहे. विकणारा कोरड्या आधाराचा आकडा सांगतो आणि घेणारा जशाच्या तशा मालाचे पैसे मोजतो, तेव्हा टनामागे वीस किलो पाणी सोडा ॲशच्या भावाने विकले जाते. स्फटिकात बांधलेल्या पाण्याने हा गोंधळ आणखी वाढतो. द्राक्षबागाईतदार आणि सुपारीवाले बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घेतात. मोरचूद म्हणजे पाच रेणू पाणी धरून बसलेले कॉपर सल्फेट, आणि शंभर टक्के शुद्ध मोरचुदात तांबे असते फक्त २५.४५ टक्के. तेव्हा पिशवीवर ‘तांबे २४ टक्के’ असे वाचून तीन चतुर्थांश माती आहे असे समजणारा फसतो आणि २४ हा आकडा पंचविसाच्या इतका जवळ आहे म्हणून निर्धास्त होणाराही फसतो. २४ भागिले २५.४५, म्हणजे ९४.३ टक्के शुद्ध मोरचूद, हा त्याचा खरा हिशेब. हाच माल निर्जल कॉपर सल्फेट म्हणून मोजला तर अत्यंत शुद्ध मोरचूदही ६४ टक्क्यांच्या आसपास भरेल. छेदात काय धरले हे लिहिल्याशिवाय टक्केवारी पुरी होत नाही.

तिसरा प्रश्न निवडकतेचा, आणि तो समजून घ्यायला उरण-पेणची मिठागरे पुरेशी आहेत. खाण्याच्या मिठात कोरड्या आधारावर किमान ९६ टक्के सोडियम क्लोराइड असावे असे भारतीय मानक सांगते. मोजण्याची जुनी, स्वस्त आणि आजही चालू असलेली रीत म्हणजे सिल्व्हर नायट्रेटचे अनुमापन. पण चांदी पकडते ती क्लोराइडला; ते सोडियमबरोबर आले आहे की मॅग्नेशियमबरोबर, याच्याशी तिला देणेघेणे नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम मुबलक आहे. मीठ धरताना मागे राहिलेले कडू पाणी नीट निथळले नाही तर मॅग्नेशियम क्लोराइड मिठाबरोबर येते, आणि पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते ते मुख्यतः त्याच्यामुळे. समजा एका नमुन्यात सोडियम क्लोराइड ९५ टक्के आहे आणि मॅग्नेशियम क्लोराइड दोन टक्के. मॅग्नेशियमच्या प्रत्येक अणूमागे दोन क्लोराइड असल्याने ते दोन टक्के सोडियम क्लोराइडच्या हिशेबात जवळजवळ अडीच टक्के भरतात. अनुमापनाचे उत्तर येते ९७.५ टक्के. प्रत्यक्षात नापास व्हायला हवे ते मीठ उत्तम गुणांनी पास होते. आणि ज्या अशुद्धीने ते नापास व्हायला हवे होते, तिनेच त्याचे गुण वाढवलेले असतात. यात कोणाची लबाडी नाही की हाताची चूक नाही. पद्धतीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबरच दिले. आपल्याला हवा होता तो प्रश्नच वेगळा होता.

औषधांकडे वळले की हेच अधिक नेमके दिसते. ॲस्पिरिन दमट हवेत हळूहळू फुटते आणि त्यातून सॅलिसिलिक आम्ल निघते. हिशेबासाठी एक नमुना घेऊ : ९८ टक्के ॲस्पिरिन, दोन टक्के सॅलिसिलिक आम्ल. कॉस्टिक सोड्याने त्याचे थेट अनुमापन केले तर दोन्ही आम्लांची मोजणी एकत्र होते. सॅलिसिलिक आम्लाचा रेणू हलका, १३८, ॲस्पिरिनचा १८०. म्हणून दोन टक्क्यांचे २.६ होतात आणि उत्तर येते १००.६ टक्के. जादा अल्कलीत उकळून उरलेली अल्कली मोजण्याच्या उलट अनुमापनात ॲस्पिरिनचा एक रेणू दोन रेणू अल्कली घेतो, सॅलिसिलिक आम्लाचा एकच; तिथे उत्तर ९९.३. दोन्ही पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसीत, योग्य प्रमाणकाशी तुलना केली तर ९८.०. एक नमुना, तीन निर्दोष मोजण्या, तीन शुद्धता. शंभरावरची शुद्धता पाहून नवख्याला हसू येते, पण औषधसंहितांच्या मर्यादाही शंभरावर जातात. ब्रिटिश औषधसंहितेत पॅरासिटामॉलची मर्यादा ९९.० ते १०१.० आहे. मोजणीला अनिश्चितता असते याची ती प्रामाणिक कबुली आहे. त्याच संहितेत पॅरासिटामॉलमधल्या चार-अमिनोफिनॉलची मर्यादा वेगळी दिलेली असते, दहा लाखांत ५० भाग. ९९ ते १०१ या फटीतून ५० पीपीएम कधीच दिसणार नाहीत, हे संहिता लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून ते मुख्य पदार्थाची मोजणी आणि अशुद्धींची मोजणी यांना दोन स्वतंत्र परीक्षा मानतात. ही शिस्त औषधांत रुजली. बाकीच्या रसायनबाजारात ती अजून पुरती पोचलेली नाही.

यावर आधुनिक प्रयोगशाळेचे उत्तर ठरलेले असते : अनुमापनाचे दिवस गेले, आता यंत्रे आहेत. यंत्रांनी निवडकता वाढवली हे खरे, पण त्यांनी एक नवा भ्रमही आणला. एचपीएलसीच्या आलेखावरच्या मुख्य शिखराचे क्षेत्रफळ भागिले सर्व शिखरांचे क्षेत्रफळ, याला अनेक प्रमाणपत्रांवर सरळ ‘शुद्धता’ म्हटलेले असते. त्या आलेखात दिसते ते शोधयंत्राला दिसेल तेच. अतिनील प्रकाश न शोषणारे काहीही, म्हणजे पाणी, मीठ, बरेचसे द्रावक, त्याला दिसत नाही. क्षेत्रफळाने ९९.५ टक्के ‘शुद्ध’ पावडरीत तीन टक्के पाणी, अर्धा टक्का उरलेला द्रावक आणि एक टक्का अकार्बनी राख असू शकते. मग खरा हिशेब असा : शंभरातून ४.५ गेले, राहिले ९५.५, त्याचे ९९.५ टक्के, म्हणजे ९५.० टक्के. संदर्भ-प्रमाणके बनवणाऱ्या संस्था म्हणूनच या वजाबाकीच्या वाटेने जातात : कार्ल फिशर पद्धतीने पाणी, वायुवर्णलेखनाने द्रावक, जाळून राख, एचपीएलसीने सेंद्रिय सोबती, हे सगळे शंभरातून वजा करून उरेल ते शुद्ध. मग परिमाणात्मक एनएमआरसारख्या थेट पद्धतीने तोच आकडा येतो का ते पाहायचे. दोन स्वतंत्र वाटा एकाच ठिकाणी पोचल्या तर भरवसा ठेवता येतो. पोचल्या नाहीत, तर मधल्या फरकात काहीतरी दडले आहे हे निश्चित कळते, आणि तेही थोडके ज्ञान नव्हे.

इथवर निसर्गाने आणि निष्काळजीपणाने केलेली फसगत झाली. माणूस जाणूनबुजून फसवायला बसतो तेव्हा तो पद्धतीची हीच आंधळी जागा हेरतो. योहान केल्डाल याने १८८३ साली नत्र मोजण्याची रीत दिली. दुधातले नत्र मोजून त्याला ६.३८ ने गुणले की प्रथिन निघते. मेलामाइनमध्ये वजनाने दोन तृतीयांश नत्र असते. म्हणजे एक ग्रॅम मेलामाइन या हिशेबात सव्वाचार ग्रॅम दुधाचे प्रथिन म्हणून भरते. चीनमध्ये २००८ साली पाणी घातलेल्या दुधात ते मिसळले गेले, सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावल्याचे अधिकृतपणे मान्य झाले. त्याच सुमारास हेपारिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधात अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची भेसळ निघाली. हेपारिनची मोजणी त्याच्या रक्त न गोठू देण्याच्या ताकदीवरून होत असे आणि भेसळीतही ती ताकद थोडीफार होती. आकडा मर्यादेत बसत राहिला आणि रुग्णांना गंभीर प्रतिक्रिया येत राहिल्या. त्यानंतरच एनएमआर आणि केशिका विद्युतसंचारण या चाचण्या औषधसंहितेत आल्या. दोन्ही प्रकरणांत प्रयोगशाळांनी हिशेब चुकवला नव्हता. भेसळ करणाऱ्यांनी हिशेबाचे सूत्र वाचूनच भेसळ निवडली होती.

महाराष्ट्राला हा धडा त्याच्याही आधी मिळाला होता. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी दिलेल्या त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते, जे मूत्रपिंडे निकामी करते. चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला आणि त्याच्या १९८७ च्या अहवालाने खरेदी, तपासणी आणि औषध प्रशासन यांची लक्तरे बाहेर काढली. हे विष तेव्हाही नवे नव्हते. १९३७ साली अमेरिकेत त्याच द्रावकात बनवलेल्या सल्फानिलामाइडच्या औषधाने शंभराहून अधिक माणसे मारली होती. जुनेही झाले नाही : २०२२ मध्ये गांबियात सत्तरच्या आसपास मुले गेली आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुले गेली, त्यांतली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. आता संहितेचा हिशेब पाहा. ब्रिटिश औषधसंहितेनुसार ग्लिसरीनची शुद्धता निर्जल आधारावर किमान ९८.० टक्के हवी. डायएथिलीन ग्लायकॉलची मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे शुद्धतेच्या परीक्षेत पास होणाऱ्या ग्लिसरीनच्या उरलेल्या दोन टक्क्यांत मान्य मर्यादेच्या वीसपट विष मावू शकते. शुद्धतेचा आकडा ९८ वरून ९९ वर नेला तरी दहापट मावेल. इथे रक्षण करते ती त्या एका विषाचे नाव घेऊन केलेली चाचणी. आणि निव्वळ कागदावर विसंबल्याचा परिणाम पनामाने २००६ मध्ये भोगला. तिथे पोचलेल्या पिंपांच्या कागदांवर लिहिले होते ९९.५ टक्के शुद्ध ग्लिसरीन. तीन खंडांतल्या कंपन्यांच्या हातांतून तो आकडा न तपासता पुढे सरकला. आत डायएथिलीन ग्लायकॉल होते, आणि किमान शंभर माणसे त्याने मेली.

मग शुद्धतेचा आकडा निरुपयोगी म्हणायचा का? तसे म्हणणे अतिरेक होईल. सोन्यावरचा ९१६ हा हॉलमार्क हजारात ९१६ भाग सोने सांगतो. उरलेले ८४ भाग चांदी-तांबे असतात आणि दागिन्याला त्यांनी बाधा येत नाही. तिथे एकच आकडा पुरतो, कारण उरलेले निरुपद्रवी आहे हे आधीपासून माहीत आहे. मिठात तर आयोडीन मुद्दाम घालतात; ग्राहकाच्या हाती पडताना ते किमान १५ पीपीएम असावे असा दंडक आहे, म्हणजे ९६ टक्क्यांच्या हिशेबात न दिसणारी एक ‘अशुद्धी’च तिथे हवी असते. दुसऱ्या टोकाला, वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बे येथे १९५९ च्या सुरुवातीला अणुभट्टीच्या दर्जाचा युरेनियम धातू तयार झाला, तेव्हा प्रश्न ९९ की ९९.९ टक्के असा नव्हताच. बोरॉनचा अणू नैसर्गिक युरेनियमच्या अणूपेक्षा साधारण शंभरपट मंद न्यूट्रॉन गिळतो, त्यामुळे तो दहा लाखांत किती भाग आहे यावर सगळे ठरत होते. २०१८ मध्ये रक्तदाबावरच्या वाल्सार्टनमध्ये एनडीएमए हे कर्करोगाशी जोडले गेलेले रसायन सापडले. त्याची मान्य मात्रा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. ३२० मिलिग्रॅमच्या गोळीत ती ०.३ पीपीएम होते. ९९.९ टक्के शुद्धतेचा दाखला तिथे काहीच सांगत नाही. किती शुद्ध पुरे, याचे उत्तर उपयोग ठरवतो. आणि उपयोग माहीत झाला की कोणत्या सोबत्याला शोधायचे हेही ठरते.

आता आक्षेप. पहिला लहान उद्योजकाचा : पंधरा-वीस माणसांच्या कारखान्याला एनएमआर परवडणार आहे का? नाही, आणि त्याची गरजही नाही. मिठाच्या उदाहरणात मॅग्नेशियमचे वेगळे अनुमापन करायला ईडीटीएची बाटली पुरते. ॲस्पिरिनमधले सॅलिसिलिक आम्ल फेरिक क्लोराइडच्या थेंबाने जांभळे होऊन दिसते. महाग यंत्रापेक्षा आपल्या प्रक्रियेतून काय उरू शकते याची यादी अधिक कामाची असते, आणि ती कारखानदाराइतकी दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. दुसरा आक्षेप व्यापाऱ्याचा : सौद्याला एक आकडा लागतो, पानभर तपशील नाही. आकडा जरूर ठेवावा, पण ९८.९ आणि ९९.० यांवरून ट्रक परत पाठवणाऱ्याने दोन्ही प्रयोगशाळांची अनिश्चितता विचारली आहे का? ती ०.३ टक्के असेल तर ते भांडण मालाविषयीचे नाहीच. प्रयोगशाळांना ज्यानुसार मान्यता मिळते त्या आयएसओ १७०२५ मानकात अनिश्चिततेचा अंदाज काढणे आवश्यक आहे. ग्राहकाने मागितला तर तो कागदावर येतो. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्लिसरीन आणि दूध ही गुन्हेगारीची प्रकरणे आहेत. चोर चोरच राहणार, त्यात रसायनशास्त्राच्या हिशेबाचा काय दोष? दोष हिशेबाचा नाही हे मान्य. पण कुलूप कुठल्या दाराला आहे हे चोराला कळले असेल, तर दुसऱ्या दाराकडे पाहणे घरमालकाचे काम आहे. शिवाय ड्रम कुठून उघडला हाही प्रश्न उरतोच. शंभर ड्रमांतून वर्गमूळ अधिक एक या रूढ नियमाने अकरा ड्रमांचे नमुने घेऊन काढलेली शुद्धता, न उघडलेल्या एकोणनव्वदांविषयी फक्त अंदाज देते. प्रामाणिक मालासाठी तो अंदाज चालतो. अदलाबदल झालेल्या एका ड्रमासाठी चालत नाही. औषध उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींत प्रत्येक ड्रमाची ओळख-चाचणी वेगळी करायला सांगतात ती यासाठी.

या सगळ्यातून प्रमाणपत्राची जी सुधारणा निघते ती खर्चिक नाही. शुद्धतेच्या आकड्यापुढे पद्धतीचे नाव असावे. तो जसा आहे तशा मालाचा की कोरड्या आधाराचा, निर्जल रूपाचा की सजल, हे लिहिलेले असावे. अनिश्चितता दिलेली असावी. शंभर आणि त्या आकड्यातल्या फरकाचा जमेल तेवढा हिशेब असावा : इतके पाणी, इतकी राख, इतका द्रावक, इतके अज्ञात. ‘अज्ञात ०.८ टक्के’ असे लिहिणारा कागद ‘९९.२ टक्के शुद्ध’ एवढेच लिहिणाऱ्या कागदापेक्षा जास्त प्रामाणिक आहे, आणि खरेदीदाराला जास्त उपयोगीही. ज्या मालाच्या वाटेत एखादे ज्ञात विष उभे आहे, तिथे त्या विषाचे नाव आणि मोजणी वेगळ्या ओळीत असावी, शुद्धता कितीही उंच असली तरी.

याची सुरुवात मात्र कारखान्यात करून उपयोग नाही. बारावीच्या प्रात्यक्षिकात मुले पोटॅशियम परमँगनेटने मोहर्स सॉल्ट किंवा ऑक्झॅलिक आम्लाचे अनुमापन करतात, सूत्रात आकडे बसवतात आणि ठरावीक उत्तराच्या जवळ गेली की गुण मिळतात. जुन्या बाटलीतल्या मोहर्स सॉल्टमधले काही लोह हवेने पुढच्या अवस्थेत गेलेले असते आणि परमँगनेटला ते दिसत नाही. ऑक्झॅलिक आम्लाच्या रेणूतले पाणी हिशेबात धरायला विसरले तर निर्जल आम्लाचा रेणुभार वापरून शुद्ध नमुनाही ७१.४ टक्के भरतो. या दोन्ही गोष्टी त्याच बाकावर, त्याच तासात शिकवता येतील. उत्तराखाली एक प्रश्न वाढवायचा : तुमच्या पद्धतीला या नमुन्यातले काय दिसले नसेल? त्याचे उत्तर लिहिता येणारा विद्यार्थी उद्या रबाळ्याच्या क्यूसी विभागात बसेल किंवा न्हावा-शेव्याच्या प्रयोगशाळेत, तेव्हा ९९.५ टक्के वाचून तो सहीला पेन उचलणार नाही. आधी उरलेल्या अर्ध्या टक्क्याचा हिशेब मागेल.